‘गेला’, ‘गेलेला’ आणि ‘गॉन’ : इंग्रजी क्रियापदाच्या तिसऱ्या रूपाविषयी

जून महिना उजाडला, शाळांच्या घंटा वाजू लागल्या, की पुण्यातील धर्मग्रामांच्या कार्यालयांत पालकांची ये-जा वाढते. कुणाला बाप्तिस्म्याच्या नोंदीचा उतारा हवा असतो, कुणाला शुल्कासाठी हातभार. याच्या जोडीला एक विनंती आता वारंवार कानी येते : “फादर, मुलगा बाकी हुशार आहे, फक्त इंग्रजीत मागे पडतो, काही करता येईल का?” विचारणाऱ्यांमध्ये अहिल्यानगर, जालना, सोलापूर या भागांतून कामधंद्यासाठी शहरात आलेली कुटुंबे बरीच असतात. आईवडिलांचे शिक्षण मराठीतून, तेही अर्धवट सुटलेले. मूल मात्र सेमी-इंग्रजीच्या वर्गात बसते, आणि त्याच्या वहीत काय चालले आहे हे घरात कुणालाच उमगत नाही.

अशा मुलांच्या वह्या चाळल्या तर अडण्याची जागा बहुधा एकच सापडते. साधा वर्तमानकाळ ती लिहितात, साधा भूतकाळही ओढूनताणून जमवतात. पण ‘गो, वेंट, गॉन’ या तीन रूपांपैकी तिसऱ्याशी गाडी थांबते. शिक्षक त्याला ‘व्ही-थ्री’ म्हणतात, व्याकरणात त्याला ‘पास्ट पार्टिसिपल’ असे नाव आहे आणि मराठीत भूतकालवाचक धातुसाधित किंवा कृदंत. हे एक रूप हाती आले नाही तर पूर्ण काळ जमत नाहीत, कर्मणी प्रयोग जमत नाही, आणि दहावीच्या प्रश्नपत्रिकेपासून नोकरीच्या अर्जापर्यंत सगळीकडे वाक्य लंगडते. म्हणून या एकाच रूपाविषयी, ते काय आहे, मराठी मुलाला ते का छळते आणि ते कसे शिकवावे याविषयी, आम्ही येथे सविस्तर लिहीत आहोत. ज्या प्रापंचिक बंधुभगिनी संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालवतात त्यांना आणि थोडेफार इंग्रजी येणाऱ्या पालकांना ते उपयोगी पडावे.

प्रथम एक दिलासा. हे रूप मराठी माणसाला परके नाही. किंबहुना आपला संपूर्ण भूतकाळच त्याच्यावर उभा आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने पोळी खाल्ली’, ‘रामाने केळे खाल्ले’ ही तीन वाक्ये पाहा. खाणारा तोच, क्रिया तीच. पण क्रियापद आंबा, पोळी आणि केळे यांच्या लिंगाप्रमाणे बदलते. क्रियापदाने कर्माच्या लिंगाशी जुळवून घ्यावे हे वागणे मुळात विशेषणाचे. याचे कारण इतिहासात आहे. संस्कृतात ‘रामेण आम्रः खादितः’ म्हणजे ‘रामाकडून आंबा खाल्लेला’ अशी रचना होती. त्यातील ‘गत’, ‘कृत’, ‘मृत’ ही कृदंते प्राकृतात झिजली, त्यांना ‘इल्ल’ हा प्रत्यय लागला आणि त्यांतून आपले ‘गेला’, ‘केला’, ‘मेला’ तयार झाले. केशवसुतांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांनी १९११ साली प्रसिद्ध केलेल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथात कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोगांचा जो सूक्ष्म विचार केला आहे, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. शाळेत या तीन प्रयोगांची नावे पाठ करताना आपल्याला घाम फुटला असेल. पण त्यांचा वापर करताना निरक्षर आजीचीही चूक होत नाही.

तेव्हा मराठी मूल रोज शेकडो वेळा कृदंत वापरते, आणि शिवाय ‘-लेला’ लावून त्याचे उघड विशेषणही करते : मोडलेली खुर्ची, फाटलेले पान, हरवलेली किल्ली, उकडलेले अंडे, तळलेला मासा. इंग्रजीचे तिसरे रूप म्हणजे हेच. ‘ब्रोकन चेअर’, ‘टॉर्न पेज’, ‘लॉस्ट की’, ‘बॉइल्ड एग’, ‘फ्राइड फिश’. आमचे स्पष्ट मत आहे की शिकवण्याची सुरुवात येथूनच व्हावी. तीन रूपांचा तक्ता नंतर, पूर्ण काळ नंतर, कर्मणी प्रयोग त्याहून नंतर. प्रथम टेबलावर वस्तू मांडाव्यात : एक तुटलेली पेन्सिल, एक दुमडलेला कागद, एक उघडलेली छत्री, एक मिटलेले पुस्तक. मुलाने वस्तू उचलावी, मराठीत ‘-लेला’ म्हणावे आणि लगेच इंग्रजी शब्द जोडावा. पुष्कळ शब्द त्याला आधीच येत असतात, फक्त ते व्याकरण आहेत हे त्याला ठाऊक नसते. दुकानातल्या मटारच्या पाकिटावर ‘फ्रोझन’ लिहिलेले असते, रेल्वेच्या डब्यावर ‘रिझर्व्ह्ड’, हॉटेलच्या फलकावर ‘मिक्स्ड’ आणि ‘रोस्टेड’. दुपारी एक ते चार या वेळेत पुण्यातल्या दुकानांवर ‘क्लोज्ड’ हे कृदंत किती ठिकाणी लटकलेले असे, याच्या विनोदांना तर अंत नाही! मुलाला वस्तीत पाठवून फलकांवरची अशी पाच रूपे टिपून आणायला सांगावे. वहीतला धडा रस्त्यावर दिसला की भीती निम्मी होते.

दुसरी पायरी तितकीच सोपी. ‘ब्रोकन चेअर’ येते त्याला ‘द चेअर इज ब्रोकन’ सहज येते, कारण मराठीतही ‘मोडलेली खुर्ची’ आणि ‘खुर्ची मोडलेली आहे’ ही दोन्ही वाक्ये एकमेकांशेजारी बसतात. ‘द डोअर इज क्लोज्ड’, ‘द फूड इज कुक्ड’, ‘आय ॲम टायर्ड’. कर्मणी प्रयोगाचे बीज येथेच पेरले जाते आणि मुलाला त्याचा पत्ताही लागत नाही. याच पायरीवर एक जुना गोंधळ कायमचा मिटवता येतो. ‘आय ॲम बोअरिंग’ असे म्हणणारी मुले आणि मोठी माणसेही आपण ऐकतो. त्यांना मराठीतले दोन शब्द समोर ठेवून विचारावे : तू कंटाळलेला आहेस की कंटाळवाणा? कंटाळलेला तो ‘बोअर्ड’, कंटाळवाणा तो ‘बोअरिंग’. प्रवचन कंटाळवाणे असू शकते, श्रोता कंटाळलेला. आम्हा धर्मगुरूंना हा भेद पुरेपूर परिचयाचा आहे.

येथपर्यंत मराठी हात धरून नेते. यापुढे मात्र तीच मराठी दोन-तीन ठिकाणी पायात पाय घालते, आणि शिक्षकाने त्या जागा आधीच ओळखून ठेवल्या पाहिजेत.

पहिली जागा ‘आहे’ची. ‘मी पत्र लिहिले आहे’ हे वाक्य मूल शब्दशः उचलते आणि लिहिते, ‘आय ॲम रिटन अ लेटर’. त्याच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. ‘आहे’ म्हणजे ‘ॲम’, हे त्याला पहिलीपासून शिकवलेले असते. अडचण अशी की इंग्रजी येथे ‘हॅव’ वापरते आणि मराठीत ‘हॅव’ला स्वतंत्र क्रियापदच नाही. आपण ‘माझ्याकडे पुस्तक आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझी शेती आहे’ असे म्हणतो. मालकी दाखवायलाही पुन्हा ‘असणे’च. मग ‘हॅव रिटन’ यातला ‘हॅव’ मुलाने कोठून आणावा? फळ्यावर सूत्र लिहून तो येत नाही. तो मराठीतच एका कोपऱ्यात आहे. जेवण आटोपलेले मूल म्हणते, ‘माझे जेवण झाले आहे’. वही मिटणारे म्हणते, ‘माझे लिहून झाले आहे’. ‘मी’ नव्हे, ‘माझे’! काम पूर्ण झाले, आणि ते पूर्ण झालेले काम आता माझ्या खात्यात जमा आहे. इंग्रजीचा ‘हॅव’ मुळात असाच आला. ‘माझ्यापाशी पत्र लिहिलेले आहे’ अशा अर्थाच्या जुन्या वाक्यातला शब्दक्रम कालांतराने बदलला आणि ‘आय हॅव रिटन अ लेटर’ हे वाक्य घडले. लॅटिनचे प्राथमिक धडे सेमिनरीत गिरवलेल्यांना हीच वाट लॅटिनपासून निघालेल्या भाषांतही दिसते. तेव्हा वर्गात सूत्राऐवजी हे वाक्य द्यावे : ज्याला मराठीत ‘माझे करून झाले आहे’ असे म्हणता येईल, तेथे इंग्रजीत ‘आय हॅव’ आणि तिसरे रूप.

यातून आणखी एक सूक्ष्म भेद सुटतो. ‘ही हॅज गॉन टू मुंबई’ आणि ‘ही हॅज बीन टू मुंबई’ यांतला फरक पुस्तके अर्ध्या पानात समजावतात. मराठीत तो दोन वाक्यांत होतो : तो मुंबईला गेला आहे, म्हणजे अजून तेथेच आहे, तो मुंबईला जाऊन आला आहे, म्हणजे आता येथे आहे.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. ‘काल मी त्याला सांगितले आहे’ हे मराठीत चालते. इंग्रजीत ‘यस्टर्डे’ आणि ‘हॅव’ एका वाक्यात नांदत नाहीत. घड्याळाची वेळ, वार, तारीख किंवा ‘काल’, ‘परवा’ असा शब्द आला की दुसरे रूप, आणि काळाचा खुंटा न ठोकता ‘झाले आहे’ एवढेच सांगायचे असेल तर तिसरे. एवढा एक नियम मुलाकडून पन्नास वाक्यांत घोटून घ्यावा.

चौकस विद्यार्थी येथे एक प्रश्न विचारतो, विशेषतः पुनरुत्थान सणाच्या इंग्रजी मिस्सेनंतर. प्रभू उठला आहे हे सांगताना इंग्रजी प्रार्थनेत ‘हॅज रिझन’ऐवजी ‘इज रिझन’ कसे? प्रश्न उत्तम आहे. जुन्या इंग्रजीत जाणे, येणे, उठणे, पडणे अशा अकर्मक क्रियापदांबरोबर ‘हॅव’ नव्हे, तर ‘असणे’ वापरत. जर्मन आणि फ्रेंचमध्ये आजही अशा अनेक क्रियापदांना तीच रीत आहे. आपल्याकडेही असाच भेद आहे : ‘त्याने आंबा खाल्ला’ पण ‘तो गेला’, सकर्मकाला ‘ने’, अकर्मकाला नाही. बोलत्या इंग्रजीतून ती जुनी रीत जवळजवळ गेली, ‘इज गॉन’सारखे दोन-चार अवशेष उरले आणि प्रार्थनेने आपले रूप जपले. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मात्र ‘हॅज’च लिहावे.

पाय अडकण्याची दुसरी जागा नकाराची. ‘ही डिड नॉट वेंट’ ही चूक सर्व महाराष्ट्रात एकसारखी का होते? कारण ‘तो गेला’ याचा नकार ‘तो गेला नाही’. मराठीत भूतकाळाचे रूप जसेच्या तसे राहते आणि ‘नाही’ शेवटी येऊन बसते. इंग्रजीत भूतकाळाचे ओझे ‘डिड’ने एकदा उचलले की मुख्य क्रियापद मोकळे होते आणि आपल्या पहिल्या रूपात परत जाते. ‘आय हॅव वेंट’ ही याचीच बहीण. ‘हॅव’ला तिसरे रूप लागते, पण मुलाच्या मनात ‘भूतकाळ म्हणजे वेंट’ एवढेच पक्के बसलेले असते. यात नियमित क्रियापदांचाही दोष आहे. ‘प्ले, प्लेड, प्लेड’, ‘वॉक, वॉक्ड, वॉक्ड’ यांत दुसरे आणि तिसरे रूप एकच असल्याने दोन वेगळी कामे आहेत हे मुलाला जाणवतच नाही. म्हणून ‘हॅव’चा सराव नियमित क्रियापदांनी सुरू करू नये, असे आम्हांला वाटते. ‘ईट, सी, टेक, गिव्ह, राइट’ अशा रोजच्या आणि तिन्ही रूपे निराळी असलेल्या क्रियापदांनी करावा. पुस्तके बहुधा उलटा क्रम घेतात, सोपे आधी म्हणून. पण ते सोपेपण फसवे आहे.

तिसरी जागा सर्वांत मजेशीर. ‘-लेला’ म्हणजे तिसरे रूप, हे समीकरण नेहमी जुळत नाही. ‘बाकावर बसलेला मुलगा’ याला इंग्रजीत ‘सिटिंग’ लागते. झोपलेले बाळ ‘स्लीपिंग’, उभा राहिलेला शिपाई ‘स्टँडिंग’, निळा सदरा घातलेला माणूस ‘वेअरिंग’. बसण्याची क्रिया पूर्ण झाली आणि त्यानंतरची स्थिती चालू आहे, असे मराठी पाहते. इंग्रजी ती स्थिती चालू क्रिया म्हणून पाहते. शिवाय आपले ‘-लेला’ क्रिया करणाऱ्यालाही लागते : ‘चहा प्यायलेला माणूस’, ‘जेवलेली माणसे’. इंग्रजीत ‘ड्रंक मॅन’ म्हटले तर चहाचा कुणी विचारही करणार नाही! इंग्रजीत असे प्रयोग तुरळक आहेत, जसे ‘फॉलन’ पान किंवा ‘वेल-रेड’ गृहस्थ; एरवी सकर्मक क्रियापदाचे तिसरे रूप ज्याच्यावर क्रिया घडली त्याचेच विशेषण होते. या अपवादांचा बाऊ न करता, जेव्हा जे समोर येईल तेव्हा ते हसतखेळत सांगावे.

आता तक्त्याकडे वळू. शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर ही रूपे वर्णानुक्रमे छापलेली असतात आणि मुले ती पाढ्यांसारखी म्हणतात. पाठांतराला आमचा विरोध नाही. ज्या भाषेत पावकी-निमकी पाठ करून पिढ्या हिशेबात तरबेज झाल्या, तिच्या मुलांना ताल आणि घोकणे मानवते. विरोध आहे तो वर्णानुक्रमाला. ‘बिकम, बिगिन, बाइट, ब्लो, ब्रेक’ असे एकामागून एक म्हणण्यात कसलाच आधार नाही. एकाचे वळण दुसऱ्याला लागू पडत नाही. त्याऐवजी सारख्या घडणीची कुटुंबे करावीत. ‘कट, पुट, हिट, शट, हर्ट’ ही कुटुंबे बदलतच नाहीत. त्यांच्यापासून आरंभ करावा, म्हणजे पहिल्याच दिवशी पाच क्रियापदे खिशात. ‘सिंग, सँग, संग’ याच्या मागे ‘रिंग’, ‘ड्रिंक’, ‘स्विम’, ‘बिगिन’ चालतात. ‘स्पीक, स्पोक, स्पोकन’ याच्या घरात ‘ब्रेक’, ‘स्टील’, ‘फ्रीझ’, ‘चूझ’. ‘राइट, रोट, रिटन’ याच्याबरोबर ‘राइड’, ‘ड्राइव्ह’, ‘राइझ’. ‘नो, न्यू, नोन’ याच्याबरोबर ‘ग्रो’, ‘थ्रो’, ‘ब्लो’, ‘फ्लाय’. ‘कम’ आणि ‘रन’ मध्ये एक पाऊल बदलतात आणि शेवटी मूळ घरी परततात. उरलेली थोडी एकटी-दुकटी, ‘गो’सारखी, तेवढी वेगळी घोकावीत.

मुले विचारतात, की इंग्रजांनी हा घोळ मुळात ठेवला तरी कशाला? उत्तर असे, की सर्वांत जास्त वापरली जाणारी क्रियापदेच अनियमित राहतात, कारण ती रोज तोंडी असल्याने झिजून सरळ होण्याइतकी विसरली जात नाहीत. असणे, करणे, म्हणणे, जाणे, येणे, पाहणे, घेणे यांचे इंग्रजी प्रतिशब्द सगळे अनियमित आहेत. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात याचा हिशेब मांडला. प्राचीन इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदे त्यांनी घेतली. मध्ययुगीन इंग्रजीपर्यंत त्यांपैकी १४५ अनियमित उरली, आजच्या इंग्रजीत ९८. कमी वापरातली आधी सरळ झाली. ‘हेल्प’ याचे तिसरे रूप एके काळी ‘होल्पन’ होते. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये पवित्र मरियेच्या स्तुतिगीतात ते आजही वाचायला मिळते. ‘गॉटन’ ब्रिटिश बोलीतून जवळपास गेले, अमेरिकेत टिकले, आणि त्याचे भावंड ‘बिगॉटन’ नायसियाच्या विश्वासांगीकारात दर रविवारी उच्चारले जाते.

मराठी तरी कोठे सरळ आहे? ‘कर’ याचे ‘केला’, ‘जा’ याचे ‘गेला’, ‘ये’ याचे ‘आला’, ‘हो’ याचे ‘झाला’, ‘सांग’ याचे ‘सांगितला’, ‘धू’ याचे ‘धुतला’. दोन-अडीच वर्षांचे मूल ‘मी करलं’ म्हणते तेव्हा आपण कौतुकाने हसतो. इंग्रज मूलही त्या वयात ‘गोड’ म्हणते, म्हणजे ‘गो’ला ‘-एड’ लावते. आणि कालांतराने दोघेही आपोआप सुधारतात. मग पाचवीतल्या मराठी मुलाने इंग्रजीत ‘ब्रिंग्ड’ लिहिले तर त्यावर लाल शाईचा फराटा कशासाठी? त्याने नियम ओळखला आहे आणि तो लागू केला आहे, ही प्रगतीची खूण. अपवाद नंतर येतील. भाषाशास्त्रज्ञ एस. पिट कॉर्डर यांनी १९६७ साली हेच सांगितले, की विद्यार्थ्याच्या चुका म्हणजे तो कोठवर पोहोचला आहे याचा नकाशा.

मराठीचा आधार घेऊन इंग्रजी शिकवावी, या आमच्या आग्रहावर काहींच्या भुवया उंचावतील. इंग्रजी ही इंग्रजीतूनच शिकवावी, वर्गात मातृभाषेचा शब्द निघू नये, असे मानणारा मोठा वर्ग आहे. मराठी बोलल्याबद्दल मुलांना दंड करणाऱ्या शाळाही आम्ही ऐकून आहोत. पुण्याचा अनुभव निराळे सांगतो. १८२१ साली विश्रामबागवाड्यात सुरू झालेली संस्कृत पाठशाळा आणि येथील इंग्रजी शाळा १८५१ मध्ये एकत्र येऊन पूना कॉलेज झाले, तेच पुढे डेक्कन कॉलेज. त्याच्या उभारणीत अग्रभागी असलेले मेजर थॉमस कँडी हे मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाचे सहकारी आणि १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशाचे संपादक. त्या काळची शिक्षणपद्धती भाषांतराची होती : इकडचे तिकडे, तिकडचे इकडे. २ जानेवारी १८८० रोजी चिपळूणकर आणि टिळक यांनी ज्या न्यू इंग्लिश स्कूलचा आरंभ केला, तेथेही मुले मराठी मनाने इंग्रजी शिकली आणि दोन्ही भाषांत लिहिती झाली. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला तर पिढ्यानपिढ्या घरोघरी होती.

याच्याही आधी, उलट दिशेने तोच प्रवास एका इंग्रजाने केला. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले, साष्टीच्या खेड्यांत राहिले, येथील भाषा शिकले, १६१६ मध्ये मराठीत ख्रिस्तपुराण छापले, आणि त्यांनी लिहिलेले कोंकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, रायतूरच्या छापखान्यात छापले गेले. त्यांनी परक्या भाषेची रूपे आपल्या ओळखीच्या लॅटिन व्याकरणाच्या चौकटीत मांडून पाहिली. ज्ञात भाषेच्या खुंटीवर अज्ञात भाषा टांगणे यात कमीपणा नाही.

शासनाने २०००-०१ या शैक्षणिक वर्षापासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली. तोवर ती पाचवीपासून असे. १९६७ पासून पुण्यात काम करणाऱ्या बालभारतीच्या पुस्तकांत गाणी, गोष्टी, संवाद आले. हे सारे स्वागतार्ह. पण कानावर इंग्रजी पडत नाही अशा घरातल्या मुलाला केवळ गाण्यांतून तिसरे रूप गवसत नाही. कुणीतरी ते बोट ठेवून दाखवावे लागते, आणि बोट ठेवताना त्याच्या भाषेत बोलावे लागते.

उच्चाराविषयी थोडे. नियमित तिसऱ्या रूपाचा ‘-एड’ मुले अक्षरशः वाचतात : ‘वॉकेड’, ‘प्लेएड’. प्रत्यक्षात तो तीन तऱ्हांनी उच्चारला जातो. ‘वॉक’, ‘वॉश’, ‘हेल्प’ यांच्या अखेरच्या ध्वनीत घसा थरथरत नाही, म्हणून पुढे ‘ट’सारखा ध्वनी येतो, ‘प्ले’, ‘कॉल’, ‘क्लोज’ यांत घसा थरथरतो, म्हणून ‘ड’, आणि शब्द आधीच ‘ट’ किंवा ‘ड’ने संपत असेल, जसे ‘वाँट’, ‘नीड’, तरच ‘इड’ हा वेगळा अवयव ऐकू येतो. मुलाला गळ्यावर दोन बोटे ठेवून हे करून पाहू द्यावे. त्यांना ते जादूसारखे वाटते. अपवाद आपल्या उपासनेत आहेत. ‘ब्लेस्ड’ क्रियापद म्हणून एका अवयवाचे, पण विशेषण म्हणून ‘ब्लेसिड’. तसेच विद्वान या अर्थी ‘लर्निड’. इंग्रजी मिस्सेत वाचन करणाऱ्या तरुणांनी एवढे ध्यानात ठेवले तरी वाचन पुष्कळ सुधारेल.

परीक्षेच्या गुणांपलीकडे हे रूप कोठे कामी येते, असे कुणी विचारले तर आम्ही रुग्णालयाकडे बोट दाखवू. आपल्या समाजातील अनेक मुली परिचारिका आहेत. काही पुण्यातील रुग्णालयांत, काही आखातात, काही इंग्लंड-आयर्लंडच्या वाटेवर, आयईएलटीएस किंवा ओईटी या परीक्षांची तयारी करणाऱ्या. पाळी बदलताना एक परिचारिका दुसरीसाठी नोंद लिहून जाते. ‘हॅज बीन गिव्हन’ म्हणजे इंजेक्शन देऊन झाले आहे. ‘इज बीइंग गिव्हन’ म्हणजे या क्षणी दिले जात आहे. ‘इज टू बी गिव्हन’ म्हणजे अजून द्यायचे आहे. तिन्हींत ‘गिव्हन’ तेच. त्याच्या मागचे दोन-तीन लहान शब्द ठरवतात की रुग्णाला औषध एकदा मिळेल, दोनदा मिळेल की मिळणारच नाही. मराठीत ही तीन वाक्ये कोणतीही मुलगी झोपेतही चुकणार नाही : देऊन झाले, देत आहेत, द्यायचे आहे. प्रशिक्षण घेणाऱ्या मुलींकडून ही तीन मराठी वाक्ये एका रकान्यात आणि इंग्रजी वाक्ये शेजारच्या रकान्यात, निरनिराळी औषधे आणि वेळा घालून, रोज दहा याप्रमाणे लिहून घ्यावीत. ‘देऊन झाले’ला वेळ जोडायची असेल, तर ‘हॅज बीन’ऐवजी ‘वॉज गिव्हन’ आणि पुढे घड्याळाचा आकडा, हेही त्याच रकान्यात यावे.